कॅबिनेटमधली साडेतीन इंची स्क्रीन: अडतीस दिवस आणि एक थांबलेला पंखा

७ जूनला ऑर्डर दिली आणि १५ जुलैला कॅबिनेटची काच शेवटची लावली. पीसीच्या आत बसून तापमान दाखवणाऱ्या एवढ्याशा स्क्रीनसाठी अडतीस दिवस, हे ऐकून घरच्यांना हसू आलं ते बरोबरच आहे. हाताचं काम धरलं तर सगळं मिळून दहा-बारा तास. उरलेले दिवस वाट बघण्यात, चुकीची वस्तू मागवण्यात आणि समोरचा आकडा खरा की थापा मारतोय हे ठरवण्यात गेले. सुरुवातीला शोधायला बसले तेव्हा तयार पीसीचे चकचकीत फोटो हवे तेवढे सापडले. पण केबल आत नेमकी कुठे खोचायची, आणि पीसी बंद केल्यावरही ही स्क्रीन का उजळत राहते, हे कोणी सांगेना. म्हणून जसं घडलं तसं लिहितेय.

गरज साधी होती. व्हिडिओ रेंडरला लावला की पंखे ओरडायला लागायचे आणि हे नेहमीचं आहे की काही बिघडतंय, ते कळायचं नाही. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर होतं, पण ते मुख्य स्क्रीनवर, बाकीच्या खिडक्यांच्या मागे. दर पाच मिनिटांनी आल्ट-टॅब करून बघायचं म्हणजे झोपलेल्या पोराच्या खोलीत सारखं डोकावण्यासारखं. तो आकडा कॅबिनेटच्या आतच, काचेतून दिसेल असा हवा होता.

मे महिन्याचा शेवट पर्याय चाळण्यात गेला. सगळ्यात देखणी म्हणजे ८.८ इंची लांबट पट्टी, १९२० बाय ४८० पिक्सेलची, एचडीएमआयवर चालणारी. त्यावर बहुतेक लोक एआयडीए६४ या सॉफ्टवेअरचं सेन्सरपॅनेल, म्हणजे तापमानासारख्या आकड्यांचा फलक, लावतात. ते विकतचं आहे, ३० दिवस फुकट वापरून बघता येतं. पण विंडोजच्या लेखी ती पट्टी म्हणजे दुसरा मॉनिटर. माउसचा बाण तिकडे जाऊन हरवतो, एखादी खिडकी मुद्दाम तिकडेच उघडते. शिवाय ग्राफिक्स कार्डाचा एक पोर्ट अडतो, आणि केबल मागून बाहेर काढून एक्सपान्शन स्लॉटच्या फटीतून परत आत घ्यावी लागते. आपलं घर सोडून बाहेर जायचं आणि खिडकीतून परत आत यायचं, तसं. जुना फोन वापरायचाही विचार केला, कारण एआयडीए६४ चे आकडे फोनच्या ब्राउझरमध्ये दिसू शकतात. पण गरम कॅबिनेटमध्ये चोवीस तास चार्जरला लावलेली जुनी बॅटरी ठेवायची माझी हिंमत झाली नाही. तुम्हीही करू नका.

शेवटी ठरवलं ते ३२० बाय ४८० पिक्सेलची यूएसबी स्क्रीन घ्यायचं. ही मॉनिटर नसतेच. संगणकाला ती सिरियल पोर्टवरचं (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवरचं) एखादं उपकरण म्हणून दिसते आणि एक प्रोग्रॅम तिच्यावर चित्र 'लिहितो'. ग्राफिक्स कार्डाचा काही संबंध नाही, माउस हरवायचा प्रश्न नाही. किंमत दोन बऱ्यापैकी कॅबिनेट फॅनएवढी. अकरा दिवसांनी, १८ जूनला आली.

पेटीत स्क्रीन, एक केबल आणि क्यूआर कोड छापलेला चिठोरा. त्या कोडवरून उतरलेल्या झिप फायलीवर अँटिव्हायरस लगेच गुरगुरला. ती फाइल धोकादायक होती की नुसती अनोळखी, हे तपासण्याइतकी अक्कल मला नाही, म्हणून सरळ पुसून टाकली. अशा स्क्रीनसाठी पायथनमध्ये लिहिलेला एक मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे, ट्युरिंग स्मार्ट स्क्रीन पायथन. तो घेतला.

या सगळ्या प्रकरणात मी एक गोष्ट नीट केली ती इथेच. कॅबिनेट उघडलं नाही. स्क्रीन टेबलावर ठेवली, मागच्या यूएसबी पोर्टला जोडली आणि सॉफ्टवेअरची सगळी भांडणं तिथेच मिटवून घ्यायची ठरवली. आत बसवल्यावर स्क्रीन काळी दिसली तर केबल सैल आहे, पिना उलट्या आहेत की प्रोग्रॅम रुसलाय, हे शोधताना जीव जातो.

२१ जून, शनिवार. पायथन बसवलं, लागणाऱ्या लायब्रऱ्या (प्रोग्रॅम वापरतो ते तयार कोडचे संच) उतरवल्या, मांडणीचा छोटा विझार्ड उघडला. त्यात स्क्रीनचं मॉडेल निवडायचं असतं. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या स्क्रीनचे आतले प्रकार वेगळे असतात आणि चुकीचा प्रकार निवडला की काहीच उमटत नाही. तक्रारसुद्धा नाही, नुसती काळी शांतता. माझी दुसऱ्या प्रयत्नात लागली. पोर्ट 'ऑटो'वर सोडला तरी तो सापडला. आधी दुसरं एखादं सॉफ्टवेअर त्याच स्क्रीनसाठी चालू ठेवलं असेल तर मात्र पोर्ट अडलेला राहतो, तेव्हा ते बंद करून मग सुरू करा.

पहिलं चित्र वरून खाली, शटर ओढल्यासारखं सावकाश उतरलं. मला वाटलं स्क्रीन सदोष आली. पण हिशेब केला तर पटतं: ३२० गुणिले ४८० म्हणजे १,५३,६०० पिक्सेल, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे एका पूर्ण चित्राला ३,०७,२०० बाइट. एवढं सगळं सिरियल पोर्टच्या नळीतून जाणार. म्हणून प्रोग्रॅम पार्श्वभूमी एकदाच रंगवतो आणि नंतर फक्त बदललेल्या आकड्यांपुरता चौकोन पुन्हा लिहितो. दोन बाइटचा आणखी एक परिणाम लगेच दिसला. लाल आणि निळ्याला पाच-पाच बिट, हिरव्याला सहा. मी हौसेने निवडलेली निळ्यातून जांभळ्यात विरघळणारी पार्श्वभूमी स्क्रीनवर पट्ट्यापट्ट्यांची दिसत होती, चादर घडी करून ठेवल्यासारखी. सपाट गडद रंग घ्या, आकडेही त्यावरच नीट वाचता येतात.

प्रकाशाची तीव्रता २० टक्के असते, ती वाढवून ८० केली. स्क्रीनच्या पाठीला हात लावल्यावर परत २० वर आणली. मांडणीच्या फायलीत तसा इशाराही लिहिलेला आहे, तो मी नंतर वाचला.

आणि मग तापमान. प्रोसेसरचा वापर दिसत होता, रॅम दिसत होती, तापमानाच्या जागी मात्र काही नाही. रात्री भावाला फोन लावला.

"ताई, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतेयस ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे नाही चालवत आहेस. राइट क्लिक कर, बघ."

विंडोजवर हा प्रोग्रॅम लिब्रे हार्डवेअर मॉनिटर या लायब्ररीतून सेन्सर वाचतो आणि प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरपर्यंत पोचायला त्या लायब्ररीला ॲडमिनचे अधिकार लागतात. तसं चालवलं आणि ४४ अंश उमटले. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. तो दहा मिनिटं टिकला, कारण अँटिव्हायरसने आता ड्रायव्हरच उचलून कोठडीत टाकला. अशा सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षं विनरिंगझिरो नावाचा एक ड्रायव्हर वापरत आलेत. त्यातली सुरक्षेची त्रुटी २०२० मध्ये नोंदवलेली आहे, त्यामुळे अँटिव्हायरस त्याला अडवतो ते उगाच नाही. लिब्रे हार्डवेअर मॉनिटरच्या नव्या आवृत्त्या पॉनआयओ हा दुसरा ड्रायव्हर वापरतात. 'अपवाद करा' असं बटण समोर असतं आणि हात शिवशिवतो, पण तुमच्या हातातली आवृत्ती कुठला ड्रायव्हर वापरते ते आधी बघा. माझा त्यात एक अख्खा रविवार गेला आणि तो वाया गेला असं वाटत नाही.

पीसी चालू झाल्यावर प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सोयीत) नोंद केली: लॉगिनच्या वेळी, सर्वोच्च अधिकारांसह, ३० सेकंद थांबून. ते तीस सेकंद महत्त्वाचे. त्याशिवाय चारपैकी एकदा तरी स्क्रीन सापडायच्या आधीच प्रोग्रॅम पळत सुटायचा आणि तोंडावर पडायचा.

आता आत जोडायची केबल. बाहेरच्या पोर्टला जोडून केबल कॅबिनेटच्या भोकातून आत घेता येते, पण मग एवढा खटाटोप कशाला? मदरबोर्डच्या खालच्या कडेला यूएसबी २.० साठी पिनांच्या दोन ओळी असतात. दहाची जागा, पिना नऊ. एक पिन मुद्दाम वगळलेली असते, म्हणजे प्लग उलटा बसू नये. त्या एका जोडणीतून दोन पोर्ट निघतात. तिथून साधा यूएसबी पोर्ट काढून देणारा आखूड अडॅप्टर मिळतो. २१ तारखेलाच मागवला, २७ ला आला, आणि बरोबर उलटा होता. एका टोकाला यूएसबीचा प्लग, दुसऱ्याला पिना. म्हणजे बाहेरच्या पोर्टवरून पिनांची जोडणी तयार करणारा. मला हवा होता तो नऊ भोकांचा आणि दुसऱ्या टोकाला पोर्ट असलेला. वर्णन दोन्हींचं जवळजवळ सारखं होतं. ऑर्डर देण्याआधी फोटो मोठा करून बघा: मदरबोर्डकडच्या टोकाला भोकं दिसली पाहिजेत, पिना नाहीत. अडॅप्टरची किंमत किरकोळ, त्याच्या दुप्पट पाठवणावळ, ती मी दोनदा भरली. दुसरा ४ जुलैला आला.

मधल्या आठवड्यात स्क्रीन टेबलावरच होती आणि मी आकड्यांची मांडणी जुळवत बसले होते. या प्रोग्रॅममध्ये सेन्सर कुठून वाचायचे त्याच्या पर्यायांत 'स्टब' नावाचा एक आहे. तो लावला की खऱ्या आकड्यांऐवजी कुठलेही बनावट आकडे दिसतात, मांडणी तपासायला सोयीचे. १ जुलैच्या रात्री तो लावला आणि तसाच विसरून झोपले. सकाळी पीसी चालू केला, अजून डेस्कटॉपही नीट उघडला नव्हता आणि स्क्रीनवर प्रोसेसर ८६ अंश. पुढच्या क्षणी ३७. मग ७९. मी सरळ पॉवरचं बटण दाबून धरलं. दोनदा. तिसऱ्यांदा चालू करताना कुलरवर हात ठेवून बघितला, तो गार. तेव्हा उजेड पडला.

यावरून जुनी गंमत आठवली. नव्वदच्या दशकातल्या कॅबिनेटवर मेगाहर्ट्‌झ दाखवणारे लाल-हिरवे आकडे असायचे, शेजारी टर्बोचं बटण. ते आकडे काहीही मोजत नसत. आतल्या जंपरवर (पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्यांवर) जो आकडा जुळवून ठेवला असेल तोच उजळायचा, टर्बो दाबलं की दुसरा. प्रोसेसर काय वेगाने चालतोय याच्याशी त्या दिव्यांचा संबंध नव्हता. माझ्या हातून त्याचीच रंगीत आवृत्ती तयार झाली होती.

५ जुलै, शनिवार. पीसी बंद, मागचा स्विच बंद, वायर काढली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज घालवली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीजही उतरवली. मदरबोर्डवर त्या पिनांजवळ बारीक अक्षरात नाव छापलेलं असतं, पण प्रत्येक बोर्डावर वेगळं, तेव्हा मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवा. माझ्या बोर्डावर अशा दोन जोडण्या. एक पुढच्या पोर्टने अडवलेली, दुसरी दिव्यांच्या कंट्रोलरने. कंट्रोलर उपटला. तो परवापर्यंत इंद्रधनुष्य फिरवत होता, त्याची उणीव कोणालाही जाणवलेली नाही. दोन्ही हवे असतील तर आत बसणारा छोटा यूएसबी हब मिळतो.

जागा ठरवायला पुठ्ठ्याचा स्क्रीनएवढा तुकडा कापला आणि तो इकडेतिकडे टेकवून, बसते त्या खुर्चीवरून बघितलं. ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवर सगळ्यात छान दिसत होता. दुतर्फी टेपने स्क्रीन तिथेच लावली, रेंडर लावला आणि अर्ध्या तासात ती एका बाजूने घसरली. ती पाठ तापते, टेपचा डिंक मऊ होतो, हे फोटोत दिसत नाही. मग पॉवर सप्लायवरच्या झाकणावर, काचेकडे तोंड करून. झाकण पोलादी, त्यामुळे स्क्रीनच्या पाठीला छोटे चकती-चुंबक चिकटवले आणि सरकवून हवा तो कोन साधला. तुमचं झाकण ॲल्युमिनियमचं किंवा प्लास्टिकचं असेल तर चुंबक धरणार नाही, घरातल्या चुंबकाने आधी तपासा. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर तिच्यापासून लांब ठेवा.

अडॅप्टर बसवताना टॉर्च तोंडात धरला होता. नऊ पिना, आंधळं भोक डावीकडे, हळूच दाबलं. केबल झाकणाच्या खाचेतून खाली नेली, जास्तीची वेटोळी करून पुढच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशी कोंबली. हे वेटोळं लक्षात ठेवा.

काच लावली, चालू केलं, सगळे आकडे जागच्या जागी. त्या रात्री अडीचला पाणी प्यायला उठले तर टेबलाखालून निळसर उजेड. बंद पीसीच्या पोटात स्क्रीन लख्ख चालू, आणि प्रोसेसर ४१ अंश दाखवतेय. टेबलावर असताना मी रोज केबल काढून झोपायचे, त्यामुळे हे कळलंच नव्हतं. पीसी बंद केला तरी मागचा स्विच चालू असेपर्यंत मदरबोर्ड यूएसबीला ५ व्होल्ट देत राहू शकतो, आणि स्क्रीनला तेवढं पुरतं. शेवटचं चित्र तिच्याजवळ असतंच. उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये आहे: 'ईआरपी' नावाची सेटिंग चालू केली की बंद अवस्थेतला हा पुरवठा तुटतो. मेनूत ती कुठे दडलीय ते बोर्डानुसार बदलतं, बहुधा पॉवरच्या विभागात. त्याची किंमत म्हणजे कीबोर्डची कळ दाबून पीसी चालू करणं आणि बंद पीसीवर फोन चार्ज करणं बंद होतं. मला चाललं.

पुढचा भाग पंख्यांचा, आणि इथे मी सगळ्यात जास्त मूर्खपणा केला.

स्क्रीनवर 'प्रोसेसर फॅन' म्हणून जो आकडा येत होता तो रेंडर लावला तरी फारसा हलायचा नाही. बायोसमध्ये जाऊन मागच्या पंख्याचा वेग मुद्दाम बदलून बघितला तर स्क्रीनवरचा आकडा बदलला. म्हणजे नाव प्रोसेसरच्या पंख्याचं आणि वेग मागच्याचा. लायब्ररीला पंखे 'फॅन १', 'फॅन २' असेच दिसतात. कुठला कुठे लावलाय हे तिला कसं कळणार? एकेकाचा वेग बदलून कागदावर तक्ता करा, दहा मिनिटांचं काम आहे. तो करताना एका कोपऱ्यात जागा रिकामी होती म्हणून पुढच्या पंख्यांचा आकडाही घातला. मूळ मांडणीत तो नसतो. स्वतःचे सेन्सर जोडायला प्रोग्रॅममध्ये एक वेगळी फाइल दिलेली आहे, त्यातला नमुना बघून भावाने थोड्या ओळी लिहून पाठवल्या. पुढे तीन पंखे आहेत, पण एका वाटणीच्या केबलवर, आणि अशा केबलवर वेग एकाच पंख्याचा परत येतो. माझ्या बाबतीत सगळ्यात खालच्याचा.

८ जुलै, दुपारचे चार. मोठा रेंडर चालू. कोपऱ्यातला आकडा शून्य.

मी काय केलं असेल? काही नाही. हसले. तोवर या स्क्रीनने मला बनावट ८६ अंश दाखवले होते, मेलेल्या पीसीचं तापमान दाखवलं होतं, एका पंख्याचा वेग दुसऱ्याच्या नावावर खपवला होता. शिवाय ग्राफिक्स कार्डाचे पंखेही कमी तापमानाला शून्यच दाखवतात, कारण ते खरोखर थांबवलेले असतात. त्या शून्याला घाबरून झालं होतं. त्यामुळे हे भावाच्या ओळींतलं काहीतरी असणार म्हणून मी प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला, मग पीसी, मग त्या ओळी वाचत बसले. पाऊण तास. प्रोसेसर एव्हाना नेहमीपेक्षा चार-पाच अंशांनी वर होता, तेही मी उन्हाच्या खात्यावर टाकलं.

शेवटी वाकून बघितलं. दोन पंखे फिरत होते, खालचा नव्हता. काच काढली. तीन दिवसांपूर्वी कोंबलेलं यूएसबी केबलचं वेटोळं सैल होऊन पंख्याच्या पात्यांमध्ये शिरलं होतं. पातं केबलवर टेकून थरथरत होतं, पुढे जायला बघत आणि अडत. केबलच्या काळ्या आवरणावर नखाएवढा पांढरा चट्टा, चंद्रकोरीसारखा, जिथे पात्याची कड घासत राहिली होती. आतली तार दिसत नव्हती, पण फार लांबही नसावी.

म्हणजे मी जी केबल आकडा दाखवायला आत घातली तिनेच पंखा थांबवला, तिनेच ते मला सांगितलं, आणि मी विश्वास ठेवला नाही. पीसी बंद करून केबल सोडवली, वेटोळं मदरबोर्डच्या मागच्या बाजूला नेऊन झिप टायने तीन ठिकाणी बांधलं. केबल कुठल्याही पंख्यापासून हातभर लांब न्या आणि बांधा. कोंबू नका. बांधल्यावर पीसी चालू करायच्या आधी प्रत्येक पंखा बोटाने एकदा फिरवून बघा.

त्यानंतर मी मांडणीत दोन बदल केले. कोपऱ्यात घड्याळ घातलं, सेकंदांसकट. वेळ बघायला नव्हे. स्लीपमधून उठल्यावर कधीकधी प्रोग्रॅमचा स्क्रीनशी संपर्क तुटतो आणि आकडे तसेच गोठून राहतात. ४६ अंश हा आकडा आत्ताचा आहे की काल रात्रीचा, हे नुसतं बघून कळायला मार्ग नाही. सेकंद पळताना दिसले की स्क्रीन जिवंत आहे. दुसरा बदल रंगाचा. तयार मांडणीत तापमान ७० च्या पुढे गेलं की आकडा लाल व्हायचा. माझा प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, त्याची कमाल मर्यादा ९५ अंशांची, आणि भार आला की तो तिथवर जायला लाजत नाही. रोज संध्याकाळी लाल आकडा बघून आठवडाभरात डोळे तो बघायचेच थांबतात. म्हणून लाल आता ९० नंतर. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा निर्मात्याच्या माहितीपत्रकात असते, ती बघून ठरवा.

राहिली हौस: नावं मराठीत हवी होती. १२ जुलैला देवनागरीचा फॉन्ट लावला, नावं टाइप केली आणि स्क्रीनवर 'डिस्क'मधली वेलांटी ड सोडून स च्या गळ्यात पडलेली, स चा पाय मोडलेला. 'प्रोसेसर'चा प्र सुटून प आणि र वेगळे झालेले. अक्षरं चित्रात उमटवायचं काम पिलो नावाची लायब्ररी करते आणि जोडाक्षरं, वेलांट्या जागच्या जागी बसवायला तिला राक्म ही दुसरी लायब्ररी सोबत लागते. ती विंडोजवर पूर्णपणे चालावी म्हणून आणखी एक डीएलएल फाइल शोधून आणावी लागते. दोन तास त्यात घालवल्यावर सोपी वाट सुचली. नावं कुठे बदलणार आहेत? बदलतात ते आकडे. मग चित्रं काढायच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये पार्श्वभूमीच्या चित्रावरच 'प्रोसेसर', 'ग्राफिक्स', 'पुढचा पंखा' असं लिहून टाकलं, ३२० बाय ४८० च्या मापात, आणि प्रोग्रॅमला फक्त आकडे लिहायला सांगितले. मराठी अक्षरं एकदम सुबक. या चित्राची आणि मांडणीच्या फोल्डरची प्रत वेगळी ठेवा. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मी जुन्यावरच उतरवली आणि पंख्याच्या त्या ओळी भावाकडून परत मागवाव्या लागल्या.

एकूण खर्च म्हणाल तर स्क्रीन, दोन अडॅप्टर (एक खणात पडून), दोनदा पाठवणावळ, चुंबक आणि झिप टाय. सगळं मिळून एका ठीकठाक मेकॅनिकल कीबोर्डच्या आसपास. प्रोग्रॅम चालू असताना प्रोसेसरचे एक-दोन टक्के खातो, ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं, हाताला जाणवत नाही.

१५ ला काच लावली तेव्हा केबलवरच्या पांढऱ्या चट्ट्याला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले होते. नवी केबल २२ ला येईल असं दाखवतंय. तोवर रेंडर लावला की मी खुर्चीवरून आधी तो खालचा कोपरा बघते. पुढचा पंखा ९४०, सेकंद पळतायत.